तोंड कोणाकडे? छोट्या नाट्यगृहातला केल्टिक वाद्यवृंद

या मालिकेत आपण कलेविषयीचे मोठमोठे प्रश्न घेतो आणि मग वेळ संपते. आज उलटं करू. एक लहानशी गोष्ट घेऊ आणि तिच्यातून जेवढं निघेल तेवढं काढू.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर क्लेअर नावाची काउंटी आहे. तिथल्या एका गावच्या नाट्यगृहात पाच जणांच्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम आम्ही ऐकला. नाट्यगृह दीडशे खुर्च्यांचं, गावकऱ्यांनीच चालवलेलं. तिकीट फाडणारा आणि मध्यंतरात चहा देणारा माणूस एकच. आयर्लंडमध्ये हौशी नाटकाची परंपरा दांडगी आहे, १९५३ पासून ॲथलोनला त्यांची अखिल आयर्लंड हौशी नाट्यस्पर्धा भरते, त्यामुळे अशी लहान रंगगृहं गावोगाव दिसतात. नाटक नसेल त्या दिवशी तिथं संगीत. जाहिरातीवर शब्द होता ‘केल्टिक’. वाद्यं होती फिडल, आडवी लाकडी बासरी, कॉन्सर्टिना, बुझुकी आणि बौरान. बौरान म्हणजे चौकटीवर बकऱ्याचं कातडं ताणलेला, दांडीनं वाजवायचा डफ. फिडल वाजवणारी बाई गातही होती. मंडळींची नावं आम्ही मुद्दाम घेत नाही. आमचं म्हणणं त्या पाच जणांपुरतं नाही, असे कार्यक्रम आता जगभर याच साच्यात होतात.

निकाल आधीच सांगून टाकतो. वादन उत्तम होतं. कार्यक्रम बराचसा फसला. एका ठिकाणी मात्र तो फसला नाही, आणि तिथं का फसला नाही हे समजून घेणं हेच आजचं काम.

आधी संगीत कसं असतं ते थोडक्यात. यातलं बहुतेक संगीत नाचाचं आहे. रील, जिग, हॉर्नपाइप हे नाचांचे प्रकार आणि त्यांच्या धुना. धून छोटी असते. दोन भाग, प्रत्येक भाग आठ बारांचा आणि प्रत्येक भाग दोनदा वाजवायचा, म्हणजे बत्तीस बारांत एक फेरी. अर्ध्या-पाऊण मिनिटात संपते. ती दोन-तीन वेळा वाजवायची, की न थांबता दुसरी धून, मग तिसरी. याला ते ‘सेट’ म्हणतात. सगळी वाद्यं एकच धून वाजवतात. पण प्रत्येकाचे खटके, मुरक्या वेगळ्या असतात, श्वास घ्यायची जागा वेगळी असते. आपल्या भजनी मंडळात दहा जण एकच चाल म्हणतात आणि तरी दहाही जण वेगळे ऐकू येतात ना, तसं. या संगीताची गंमत मोठ्या आवाजात नाही. धून तिसऱ्यांदा फिरून येते तेव्हा कोणी काय बदललं, हे कानानं टिपण्यात ती आहे. क्लेअरची माणसं त्यात आणखी एक गोष्ट शोधतात, तिला ते ‘लिफ्ट’ म्हणतात. उचल म्हणा. दोन ठोक्यांच्या मध्ये सूर किंचित वर उचलला जातो आणि पाय आपोआप हलतो.

आता नेहमीचा आक्षेप. लोक म्हणतात, अहो, हे स्वयंपाकघरातलं, चुलीपाशी बसून वाजवायचं संगीत. ते रंगमंचावर आणलंत की मेलं. आम्हांला हा आक्षेप पटत नाही. इतिहासच त्याच्या विरुद्ध आहे.

स्वयंपाकघर काही आपोआप ओस पडलं नाही. १९३५ साली आयर्लंडमध्ये सार्वजनिक नृत्यगृहांचा कायदा झाला आणि सार्वजनिक नाचाला परवाना लागू लागला. कायद्याच्या कलमात घरातले नाच येतात की नाही, यावर वाद घालता येईल. पण अनेक गावांत पाद्री आणि पोलीस यांनी तो घरगुती नाचांवरही चालवला. क्लेअरचे फिडलवादक ज्युनिअर क्रेहान (१९०८–१९९८) हे दुःख आयुष्यभर सांगत राहिले. नाच घरातून हॉलमध्ये गेला. हॉल मोठा, पाय शंभर, आणि एकटं फिडल ऐकू येईना. म्हणून मग केली बँड वाढले: दहा-दहा वादक, पियानो, ड्रम. थोडक्यात, आज ‘पारंपरिक’ वाटणाऱ्या समूहवादनाच्या वाढीत एका कायद्याचा हात आहे.

बरं, मग पबमधलं? गोल टेबल, मध्ये ग्लास, भोवती वादक, ते तरी जुनं असेल? तेही फार जुनं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये रस्ते आणि इमारती बांधायला गेलेले आयरिश मजूर कॅम्डन टाउनच्या आसपासच्या पबांत जमू लागले. पबमधल्या ‘सेशन’ला आजचं रूप मुख्यतः तिथं मिळालं. परदेशात, भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या माणसांनी ते घडवलं. मायदेशात ते नंतर रुजलं.

आणि वाद्यवृंद? इथं सगळ्यात मजेची गोष्ट आहे. शॉन ओ रिआडा (१९३१–१९७१) हा पाश्चात्त्य पद्धतीनं शिकलेला संगीतकार डब्लिनच्या ॲबी थिएटरमध्ये संगीत दिग्दर्शक होता. १९६० मध्ये ब्रायन मॅकमॅहन यांच्या ‘द साँग ऑफ द अँव्हिल’ या नाटकासाठी त्यानं काही पारंपरिक वादक एकत्र केले. त्यातून ‘क्योलतोरी कुआलान’ हा वृंद झाला. त्यातलेच पॅडी मोलोनी आणि आणखी काही जण १९६२ मध्ये ‘द चीफटन्स’ म्हणून उभे राहिले, आणि चीफटन्सनंतर आजवरचे असंख्य बँड. लक्षात येतंय ना? स्वयंपाकघरातून निघून बिचारा वाद्यवृंद नाट्यगृहात येऊन पडला, असं झालेलं नाही. ऐकायला बसलेल्या लोकांपुढे, प्रत्येक वाद्याची जागा ठरवून वाजवणारा हा प्रकार नाट्यगृहातच, एका नाटकाच्या गरजेपोटी जन्माला आला.

वाद्यांचंही तेच. बुझुकी ग्रीसची, १९६० च्या दशकात आयर्लंडमध्ये आली. कॉन्सर्टिना इंग्लंडमध्ये चार्ल्स व्हीटस्टन यांनी शोधली. हो, शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेतला ‘व्हीटस्टन ब्रिज’ आठवतो ना, तेच गृहस्थ. स्वस्त कॉन्सर्टिना क्लेअरच्या घराघरांत पोचली आणि तिथल्या बायकांनी ती अशी आपलीशी केली की आज क्लेअर म्हटलं की कॉन्सर्टिना डोळ्यांपुढे येते.

म्हणून ‘शुद्ध’ काय आणि ‘भ्रष्ट’ काय हा वाद आपण बाजूला ठेवू. तो वाद घातला की टीका सोपी होते एवढाच त्याचा फायदा. रंगमंच आला म्हणून कार्यक्रम फसला नाही. मग कशानं फसला?

इथं आमच्या विषयातलं थोडं येऊ द्या. हान्स-गेओर्ग गाडामर या जर्मन तत्त्वज्ञाचा ‘सत्य आणि पद्धती’ हा ग्रंथ १९६० चा, म्हणजे ओ रिआडानं वादक गोळा केले त्याच वर्षीचा. योगायोग, दुसरं काही नाही. गाडामर कलेचा विचार ‘श्पील’ या शब्दावरून करतो. जर्मनमध्ये या एका शब्दात मुलांचा खेळ येतो, नाटक येतं आणि वाद्य वाजवणंही येतं. मराठीला हे समजावून सांगावं लागत नाही. आपणही म्हणतो, ‘आज रात्री खेळ आहे’, आणि ते नाटकाबद्दल असतं किंवा तमाशाबद्दल. गाडामरचं म्हणणं असं की खेळाचा खरा कर्ता खेळाडू नसतो. खेळच खेळाडूला खेळवतो. खेळाडूनं खेळाच्या स्वाधीन व्हायचं, तेव्हा खेळ होतो. पुढे नाटकात काय होतं? खेळ प्रेक्षकांकडे उघडतो. चौथी भिंत नाहीशी होते. पण म्हणून नट प्रेक्षकांना उद्देशून वागायला लागला, तर नाटक संपतं. नटानं भूमिकेतच राहायचं असतं. प्रेक्षकानं आपल्या बाजूनं खेळात शिरायचं असतं. गाडामर घरगुती वादनाचंही उदाहरण देतो. तिथं वादक स्वतःसाठी वाजवतात, श्रोत्यासाठी नाही. तरी ते वादन असं व्हावं लागतं की कोणी आलंच, तर त्याला ऐकता यावं.

हे ‘कोणी आलंच तर’ आम्हांला फार मोलाचं वाटतं. लोकसंगीताच्या कार्यक्रमाची कसोटी आम्ही यावरच लावतो. वादकांचं तोंड धुनेकडे आहे की टाळ्यांकडे? शरीर कुठं वळलंय हा प्रश्न नाही, लक्ष कुठं वळलंय हा आहे.

आता त्या संध्याकाळकडे या कसोटीनं बघू. पाचही जण प्रेक्षकांकडे तोंड करून एका ओळीत उभे. प्रत्येकापुढे मायक्रोफोन, प्रत्येकाच्या पायाशी स्पीकर. अहो, दीडशे माणसांच्या खोलीत, जिथं शेवटच्या रांगेतल्या माणसाचा खोकला रंगमंचावर ऐकू येतो, तिथं फिडलला यंत्राची गरज काय? यंत्रानं आवाज वाढला एवढंच झालं असतं तर आम्ही बोललो नसतो. पण पाच वाद्यांचे आवाज एकाच सपाट पातळीवर आले. कॉन्सर्टिना डावीकडून येते आणि बासरी उजवीकडून, कान त्यांच्यामध्ये फिरत राहतो, ते सुख गेलं. जो बारीक फरक ऐकायचा, तोच पुसला गेला. आणि वादक एकमेकांचं ऐकत नव्हते, पायाशी ठेवलेल्या स्पीकरमधून आलेला एकमेकांचा आवाज ऐकत होते. या दोन गोष्टी एक नाहीत.

मग टाळ्या. दुसऱ्याच सेटला बुझुकीवाल्यानं हात डोक्यावर नेऊन आम्हां सगळ्यांना ठेका धरायला लावला. आता बघा. रीलचा सगळा जीव दोन ठोक्यांच्या मधल्या उचलीत. दीडशे माणसं ठोक्यावर टाळी मारू लागली की ती उचल ऐकू येणं शक्यच नाही. वर टाळ्यांची लय नेहमी पुढे पळते. वादकांना तिच्यामागे धावावं लागतं. पाहता पाहता ज्या रीलवर माणूस नाचू शकला असता, ती कोणीही नाचू शकणार नाही अशा वेगाला गेली. नाचाचं संगीत आणि नाचता येत नाही! प्रेक्षक खूश होते, हे खरंच. पण ते स्वतःच्या टाळ्यांवर खूश होते.

आपल्याकडे बैठकीत एक गोष्ट आपण लहानपणापासून शिकतो: टाळी वेगळी आणि दाद वेगळी. दाद मध्येच येते, एखाद्या जागेला येते, हळू येते, आणि गवयाला सांगते की तू जे केलंस ते पोचलं. टाळी शेवटी. आयरिश परंपरेतही हे आहे बरं का. गायलिक भाषेतलं जुन्या धाटणीचं एकट्यानं गायचं गाणं, ‘शॅन-नोस’, चालू असताना ऐकणारे मध्येच हलक्या आवाजात ‘देव तुझ्या पाठीशी’ अशा अर्थाचे शब्द टाकतात. छोट्या नाट्यगृहात अशी दाद देता येते, कारण ती ऐकू जाते. हजार खुर्च्यांच्या सभागृहात नाही जात. छोट्या जागेचं हेच वैभव, आणि ते या मंडळींनी हातानं उधळलं.

बौरानच्या एकट्याच्या वादनाबद्दल फार बोलत नाही. सहा-सात मिनिटं चाललं. हात फार वेगानं चालत होता.

दोन धुनांच्या मधलं बोलणं मात्र सोडून चालणार नाही. प्रत्येक धुनेआधी एक विनोद. विनोद दारूचा, नाहीतर पावसाचा, नाहीतर लग्नाचा. धून कोणाकडून आली, कोणत्या वादकाच्या तोंडून ती या फिडलवालीच्या हाती आली, हे एकदाही नाही. या परंपरेत धुनेचं नाव पुष्कळदा ती ज्याच्याकडून मिळाली त्या माणसाचं असतं. ‘अमक्याची जिग’, ‘तमक्याचा रील’. हे नुसतं शिष्टाचाराचं नाही. धुनेचा वंश सांगितला की ऐकणाऱ्याचे कान त्या धुनेकडे वळतात. विनोद सांगितला की ते सांगणाऱ्याकडे वळतात.

आणि आता ते एक ठिकाण. मध्यंतरानंतर फिडलवाली एकटी पुढे आली. तिनं मायक्रोफोन बाजूला सरकवला, खुर्ची ओढून बसली आणि डोळे मिटून एक गायलिक गाणं म्हटलं. साथ नाही, ताल नाही. शॅन-नोसमध्ये गायक भावना ‘करून’ दाखवत नाही. आवाज लहानमोठा करून रडवत नाही. चेहरा जवळजवळ कोरा. जे काय घडायचं ते सुरांच्या वळणांत. जुन्या बैठकींत गायक भिंतीकडे तोंड करून गात, कधी शेजारचा माणूस गायकाचा हात धरून तो सावकाश फिरवत राही. कॉनेमाराचे जो हीनी (१९१९–१९८४), जे न्यूयॉर्कमध्ये इमारतीचे दरवान म्हणून नोकरी करत आणि पुढे सिअ‍ॅटलच्या विद्यापीठात हेच गाणं शिकवायला गेले, त्यांच्या ध्वनिमुद्रणांत हा अलिप्तपणा ऐकावा. तिनं शेवटची ओळ गायली नाही, बोलून टाकली. हीही जुनी रीत, गाणं संपलं हे सांगण्याची. क्षणभर कोणीच टाळी वाजवली नाही. तिसऱ्या रांगेतून एक म्हातारा आवाज काहीतरी दोन शब्द बोलला, तेवढंच.

संध्याकाळभरात सगळ्यात कमी ‘सादर’ केलेली गोष्ट होती ती. आणि रंगमंच होताच, दिवे होते, तिकीट होतं. म्हणजे दोष त्यांचा नव्हता. डोळे मिटलेली ती बाई आमच्याकडे बघत नव्हती, म्हणून आम्हांला तिच्याबरोबर गाण्याकडे बघता आलं.

इथं कोणी विचारील, मग वाद्यवृंदानं असं करायचं कसं? पाच माणसं डोळे मिटून बसणार का? करून दाखवलंय लोकांनी. क्लेअरचाच मार्टिन हेज आणि शिकागोचा गिटारवादक डेनिस केहिल, केहिल २०२२ मध्ये गेले, हे दोघे खुर्च्यांवर बसून, एकमेकांकडे कलून वाजवायचे. सिअ‍ॅटलच्या कार्यक्रमाचं त्यांचं एक ध्वनिमुद्रण १९९९ मध्ये निघालं. त्यातला एक सेट जवळजवळ अर्धा तास अखंड चालतो. सुरुवात इतकी संथ की नाचाची धून आहे हे ओळखूच येत नाही, मग ती हळूहळू स्वतःच्या पायांवर उभी राहते. शेवटी लोक ओरडतात. पण ते ओरडणं मिळवावं म्हणून वाजवलेला एकही सूर त्यात आम्हांला सापडला नाही.

ओ रिआडाचं उदाहरण तर आणखी बोलकं. १९६९ मध्ये डब्लिनच्या गेइटी थिएटरमध्ये त्यानं आपल्या वादकांना काळे सूट आणि बो-टाय घालून बसवलं. काहींना ते हास्यास्पद वाटतं. आम्हांला त्यातला अर्थ दिसतो. तो म्हणत होता, हे संगीत ऐकायला बसा. त्याच ओ रिआडानं १९६२ च्या आपल्या रेडिओ व्याख्यानांत आयरिश संगीत युरोपपेक्षा पूर्वेकडच्या संगीताला जवळचं आहे, असंही म्हटलं. आपल्याला ऐकायला बरं वाटतं, पण फार फुगून जायचं कारण नाही. वसाहतवादी शेजाऱ्यापासून दूर जायला त्याला कुठलीतरी दिशा हवी होती आणि पूर्व त्याला सोयीची होती. त्यातलं खरं एवढंच की दोन्हीकडे एका सुरावटीचा विस्तार आहे आणि फिरून फिरून त्याच जागेवर येण्यात रस आहे.

जाहिरातीवरच्या त्या ‘केल्टिक’ शब्दाचा हिशेब राहिला. एडवर्ड लुइड नावाच्या वेल्श विद्वानानं १७०७ मध्ये आयरिश, वेल्श, ब्रेटन वगैरे भाषा एका कुळातल्या आहेत असं मांडलं, आणि तिथून ‘केल्टिक’ हा शब्द या लोकांना चिकटला. तो भाषाशास्त्राचा शब्द. संगीताला तो लागला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. ब्रिटनीतल्या लोरियां इथं आंतरकेल्टिक महोत्सव १९७१ पासून भरतो. आणि ३० एप्रिल १९९४ ला युरोव्हिजनच्या मध्यंतरात ‘रिव्हरडान्स’ सात मिनिटं नाचला, त्यानंतर जगाच्या मनात केल्टिक म्हणजे काय ते ठरूनच गेलं: एक रांग, समोर तोंड, वाढता वेग, शेवटी गर्जना. क्लेअरचे वादक आपसांत हा शब्द क्वचितच वापरतात, ते नुसतं ‘ट्रॅड’ म्हणतात. त्या रात्री पाच चांगले ट्रॅड वादक दीडशे खुर्च्यांपुढे हजारो खुर्च्यांचा ‘केल्टिक’ कार्यक्रम करत होते. रिव्हरडान्सला आमचा विरोध नाही. त्याच्या जागी तो चोख आहे. छोट्या नाट्यगृहाला तो अंगरखा ढगळ होतो, इतकंच.

शेवटी एक अडचण, आणि ती आम्ही टाळणार नाही. या पाच जणांना पोट आहे. खुर्च्यांत निम्मे तरी पर्यटक असणार, आम्हीही त्यांतलेच. ते बसभर येतात, एका संध्याकाळसाठी येतात, त्यांना तिसऱ्या फेरीतला बदललेला सूर कळणार नाही असं वादकांना वाटतं, म्हणून ते टाळ्या मागतात. निवृत्तिवेतन घेणाऱ्या प्राध्यापकानं त्यांना शुद्ध खेळाचं तत्त्वज्ञान सांगावं, हे सोपं आहे. पण आम्ही त्या संध्याकाळी दोन्ही पाहिलं. टाळ्यांच्या वेळी आमच्या पुढच्या रांगेतली दोन पर्यटक मुलं फोनवर चित्रण करत होती. गायलिक गाण्याच्या वेळी, ज्यातला एक शब्दही त्यांना कळत नव्हता, त्यांनी फोन खाली ठेवला होता. पर्यटकाला काही कळत नाही, हे गृहीतकच तपासून बघायला हवं, आणि ते तपासायला दीडशे खुर्च्यांपेक्षा स्वस्त जागा मिळणार नाही. एका सेटपुरता मायक्रोफोन बंद करा, खुर्च्या अर्धगोल मांडा, धून कोणाची ते सांगा, आणि वाजवा. फसलं तर पुढचा विनोद तयार आहेच.

इथं थांबू. प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेत कोणी वाद्य वाजवणारं असेल, तर त्यांनी आधी बोलावं.